मुझेनबर्गचा हिशेब

दर वर्षी २३ जानेवारीला आपल्या भागातील शाळा-महाविद्यालयांतून नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यावर भाषणे होतात, आणि त्यांतील जवळजवळ प्रत्येक भाषणात पाणबुडी येते. वक्ता आवाज चढवतो, शत्रूच्या विमानांची घरघर ऐकवतो, महासागराच्या पोटातून निघालेला तो एकाकी देशभक्त डोळ्यांसमोर उभा करतो आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. या टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्या प्रवासाला धैर्य लागले होते आणि त्या धैर्यापुढे कोणीही नम्रच व्हावे. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. पाणबुडी काही आपोआप चालत नाही. तिला कप्तान होता. त्याचे नाव मी आजवर एकाही भाषणात ऐकलेले नाही. आणि ती पाणबुडी केवळ नेताजींना पोहोचविण्यासाठी समुद्रात उतरली होती काय, हा प्रश्नही कोणी विचारलेला ऐकला नाही.

कप्तानाचे नाव वेर्नर मुझेनबर्ग. जन्म १९०४ सालचा. १९२५ साली तो जर्मन आरमारात दाखल झाला. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधी आठ वर्षे. १६ मे १९४२ रोजी यू-१८० ही नवी पाणबुडी त्याच्या ताब्यात देण्यात आली आणि जानेवारी १९४४ पर्यंत ती त्याच्याकडे राहिली. या वीस महिन्यांत युद्धावर म्हणून त्याची एकच सफर झाली. तीच ही.

युद्धकथांच्या पुस्तकांत ज्यांची नावे वाचून आपण थक्क होतो, त्या पाणबुडीवाल्यांच्या पंक्तीत मुझेनबर्ग बसत नाही. ऑटो क्रेश्मर याने चाळीसहून अधिक जहाजे बुडविली. वोल्फगांग ल्यूट यानेही तितकीच, आणि त्यांतली कित्येक हिंदी महासागरात. मुझेनबर्गच्या नावावर दोनच जहाजे आहेत. दोन्ही मिळून १३,२९८ टन. जर्मन आरमाराच्या वहीत ही फार किरकोळ नोंद. पण आपल्या इतिहासात मात्र क्रेश्मरपेक्षा मुझेनबर्गच मोठा ठरतो. कारण त्याच्या पाणबुडीत एक उतारू होता.

पाणबुडीविषयी आपल्याकडे, समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसांत, काही भाबड्या समजुती आहेत. ती सदैव पाण्याखालूनच चालते, ही त्यांतली पहिली. वस्तुतः त्या काळची पाणबुडी बराचसा प्रवास पाण्यावरूनच करी. डिझेल इंजिनांना हवा लागते. त्यामुळे वर राहून इंजिने चालवायची, त्यांवरच बॅटऱ्या भरून घ्यायच्या, आणि शत्रू दिसला की बुडी मारून विजेच्या मोटारींवर सावकाश सरकायचे, असा तो प्रकार. यू-१८० ची लांबी साधारण ८७ मीटर. आपल्या एस. टी.च्या आठ गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढी. पण माणसांनी राहायचे ते आतल्या नळकांड्यात, आणि त्याचा व्यास साडेचार मीटरही नव्हता. त्यात साठएक माणसे, टॉर्पेडो, इंजिने, खाण्याचे सामान आणि डिझेलचा वास. हिला इंजिनेही वेगळी बसवली होती. वेगवान टॉर्पेडो-बोटींसाठी बनविलेली सहा इंजिने. वेग मिळाला, पण धूर आणि उष्मा इतका की पुढे ती इंजिने काढूनच टाकावी लागली. अशा पेटीत नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन अठ्ठ्याहत्तर दिवस राहिले. डब्यातले मांस नेताजींना जाईना, तेव्हा हसन यांनी कोठून तरी तांदूळ आणि डाळ शोधून काढली आणि खिचडीची सोय केली, असे सांगतात. प्रवासात नेताजी स्वस्थ बसले नव्हते. ते मजकूर सांगत आणि हसन लिहून घेत.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी ही पाणबुडी कील बंदरातून निघाली. नॉर्वेच्या बाजूने वर जाऊन अटलांटिकमध्ये उतरायचे, आफ्रिकेला वळसा घालायचा आणि मादागास्करच्या पलीकडे जपानी पाणबुडी आय-२९ हिची गाठ घ्यायची, असे ठरले होते. गाठ पडली ती २६ एप्रिलला. समुद्र खवळलेला असल्यामुळे दोन दिवस वाट पाहावी लागली आणि २८ एप्रिलला रबरी तराफ्यातून नेताजी आणि हसन जपानी पाणबुडीवर गेले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. जपानी खलाश्यांच्या घोळक्यात बसलेल्या नेताजींचे छायाचित्रही अनेकांनी पाहिले असेल.

आता त्याआधी दहा दिवसांची गोष्ट. १८ एप्रिल १९४३ रोजी, दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेस, मुझेनबर्गला 'कॉर्बिस' नावाचे ब्रिटिश तेलवाहू जहाज दिसले. त्याने टॉर्पेडो सोडले आणि ८,१३२ टनांचे ते जहाज बुडविले. जहाजावरील बहुतेक माणसे वाचली नाहीत. या वेळी नेताजी पाणबुडीतच होते.

हे वाक्य मी मुद्दाम एकटे लिहिले आहे, कारण ते आपल्या भाषणांतून पद्धतशीर गाळले जाते. नेताजींवर शिंतोडे उडवावेत असा माझा हेतू नाही. त्या पाणबुडीत ते उतारू होते. टॉर्पेडो केव्हा सोडायचा हे त्यांना कोणी विचारत नव्हते. पण ज्या वाहनातून ते आले ते वाहन शिकारीचे होते आणि त्याने वाटेत शिकार केली, एवढे तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवायला नको काय?

बुडणाऱ्या माणसांना मुझेनबर्गने वाचवायला हवे होते, असे कोणी म्हणेल. त्यालाही एक इतिहास आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये हार्टेनश्टाइन नावाच्या कप्तानाने 'लॅकोनिया' हे जहाज बुडविले; पाण्यात शेकडो माणसे, त्यांत खुद्द इटालियन युद्धकैदी, पाहून त्याने ती वर काढायला सुरुवात केली आणि तसे बिनतारी संदेशाने सर्वांना जाहीरही केले. अमेरिकन विमानाने येऊन त्याच्यावरच बाँब टाकले. त्यानंतर ॲडमिरल डोएनित्स याने हुकूम काढला की, यापुढे कोणीही बुडत्यांना वाचविण्याच्या भानगडीत पडू नये. मुझेनबर्ग समुद्रात उतरला तो या हुकमानंतर पाच महिन्यांनी. तो क्रूर होता असे म्हणायला आधार नाही. तो हुकमाचा ताबेदार होता. युद्धात बहुसंख्य माणसे असतात, तसा. मला त्याच्यात राक्षस दिसत नाही. पण भाषणांतून त्याच्या पाणबुडीला जे पुष्पक विमानाचे रूप दिले जाते, तेही मला पटत नाही.

आता आय-२९ कडे वळू. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट येथे आहे.

ब्रिटिश इंडिया कंपनीचे 'तिलावा' हे जहाज २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. जहाजावर साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. मोठ्या संख्येने हिंदी उतारू, आफ्रिकेत दुकाने थाटलेली किंवा तेथे पोटासाठी निघालेली कुटुंबे, बायका, मुले. तिसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, भर समुद्रात जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारले. २८० माणसे मेली. बाकीची ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने उचलली म्हणून वाचली. टॉर्पेडो मारणारी ती पाणबुडी आय-२९ होती. पाच महिन्यांनी जिने नेताजींना आदराने उतरवून घेतले, तीच.

मुंबईच्या धक्क्यावरून निघालेली आपली माणसे जिने बुडविली, तिच्यावर बसून आपला नेता आपल्याच स्वातंत्र्यासाठी निघाला. इतिहासात अशा जागा येतात आणि तेथे टाळ्या वाजवता येत नाहीत, हळहळूनही भागत नाही. तेथे थांबून विचार करावा लागतो. आपण मात्र त्या जागेवरून धावत पुढे जातो.

या दोन पाणबुड्यांच्या कथेत सोने आणि चांदी दोन्ही आहेत, हे विटेकरांना सांगितलेच पाहिजे. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी आपल्या तालुक्यातील माणसे काश्मीरपासून केरळपर्यंत पसरलेली आहेत, त्यांना हे आकडे चटकन कळतील. नेताजी आय-२९ वर गेले, तेव्हा उलट दिशेने जपान्यांकडून यू-१८० वर सुमारे दोन टन सोने आले. जर्मनीकडून मिळालेल्या शस्त्रविद्येची ही किंमत. सोन्याबरोबर दोन जपानी आरमारी अधिकारीही जर्मनीला निघाले. त्यांपैकी तोमोनागा याने मे १९४५ मध्ये, परतीच्या वाटेवरील जर्मन पाणबुडी शरण जाणार असे कळताच, आत्महत्या केली. 'तिलावा'च्या पोटात साठ टन चांदी होती, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी निघालेली. ती चांदी २०१७ साली समुद्राच्या तळातून वर काढण्यात आली, आणि ती कोणाची यावर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालून २०२४ मध्ये निकाल लागला. चांदीच्या लादी-लादीचा हिशेब झाला. बुडालेल्या २८० माणसांसाठी मुंबईत जाहीर स्मृतिसभा झाली ती ऐंशी वर्षांनी, २०२२ मध्ये, आणि तीही त्यांच्या वारसांनी धडपड केली म्हणून.

येथवर आले की वसतिगृहातील माझे मित्र मला अडवतात. त्यांचे म्हणणे असे : युद्धात माणसे मरायचीच. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र. इंग्रजांच्या जहाजावर नोकरी करणारा इंग्रजांचाच माणूस. तो बुडाला तर त्याचे सुतक आपण का पाळावे? हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि त्याला उत्तर द्यायचे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

इंग्रजांच्या जहाजावर नोकरी करणारा माणूस होता तरी कोण? दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील दर चार माणसांत साधारण एक हिंदुस्थानी होता. मुंबई बंदरातून जे भरती होत, त्यांत रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी खलाशी आणि गोव्याचे खानसामे व बटलर मोठ्या संख्येने असत. सारंग, टांडेल, खलाशी, आणि सगळ्यांत खाली बॉयलरपुढे कोळसा लोटणारे आगवाले. टॉर्पेडो बहुधा पाण्याच्या पातळीखाली लागे, आणि इंजिनखान्यात असे तो आधी मरे. गोरा खलाशी जे काम करी त्याच कामाला याला त्याच्या कितीतरी कमी पगार. म्हणून तर १९३९ साली युद्ध पेटताच हिंदी खलाश्यांनी ब्रिटिश बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवर संप केले आणि काहींनी त्यासाठी तुरुंगही भोगला. साम्राज्याच्या प्रेमाने बोटीवर चढलेली ही माणसे नव्हेत. पाऊस दगा देतो म्हणून आपल्या खानापूर-आटपाडीकडचा तरुण पलटणीत भरती झाला. जमीन पोट भरत नाही म्हणून कोकणातला तरुण बोटीवर गेला. आपल्या पलटणीतल्या माणसाला आपण इंग्रजांचा हस्तक म्हणत नाही. त्याचे नाव गावच्या शिळेवर कोरतो. मग खलाश्याला वेगळा न्याय का?

एक उदाहरण घेऊ. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री हाइनरिश ब्लाइश्रोट या कप्तानाच्या यू-४८ ने अटलांटिकमध्ये 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज बुडविले. नाव आपल्या काशीचे, आणि बांधलेही हिंदुस्थानच्या फेऱ्यांसाठी. बाँबवर्षावापासून दूर कॅनडात नेण्यासाठी त्यावर नव्वद इंग्रज मुले चढविली होती, त्यांतली ७७ मेली. जगभर हळहळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच जहाजावर दीडशेहून अधिक हिंदी खलाशी होते आणि त्यांतले शंभराच्या आसपास परत आले नाहीत. एक होडी आठ दिवस समुद्रात भरकटत राहिली आणि शेवटी सापडली. तीत सहा मुले होती, म्हणून ती प्रसिद्ध झाली. होडीतील सेहेचाळीस जणांपैकी बहुसंख्य हिंदी खलाशी होते, हे फार थोड्यांना माहीत असते. ब्लाइश्रोटला महिन्याभरात जर्मनीचा मोठा सन्मान मिळाला. दोन वर्षांनी, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, भर समुद्रात त्याचेच मन खचले आणि 'मला परत येऊ द्या' असा संदेश त्याला पाठवावा लागला. जहाजावर मुले आहेत हे आपणास माहीत नव्हते, असे तो युद्धानंतर म्हणाला. ते खरेही असेल. पाणबुडीच्या दुर्बिणीतून जहाज दिसते, माणसे दिसत नाहीत. आपण दूरचा इतिहास वाचतो तेव्हा आपल्याही हातात बहुधा तीच दुर्बीण असते.

दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या हिंदी व्यापारी खलाश्यांची संख्या सहा हजारांच्या आसपास भरते. त्यांना कबरी नाहीत. त्यांची नावे मुंबईच्या मशीद बंदर भागातील खलाशी निवासातील स्मृतिग्रंथात आणि चितगावच्या तशाच ग्रंथात नोंदलेली आहेत. मुंबईला आपण नोकरीसाठी जातो, परीक्षेला जातो, राणीचा बाग पाहायला जातो. हा ग्रंथ पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मित्रांच्या युक्तिवादात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. इंग्रजांचे हात स्वच्छ नव्हते. ज्या वर्षी यू-१८० ने आफ्रिकेला वळसा घातला, त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि धान्य का पाठवत नाही असे विचारले असता 'जहाजे नाहीत' हे लंडनचे एक ठरलेले उत्तर होते. हे उत्तर निर्दय होते. पण बुडणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर ते उत्तर देणे सोपे होत गेले, हेही ध्यानात घ्यावे. साम्राज्य आणि त्याचा शत्रू झुंजले, आणि दोघांच्या मध्ये आपला माणूस सापडला. कोणा एकाची बाजू घेतली म्हणून तो वाचला असता असे नाही.

त्याच काळात आपला हा जिल्हा काय करीत होता? विटे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ३ जून १९४३ रोजी परतीच्या वाटेवर मुझेनबर्गने 'बोरिस' हे ग्रीक जहाज बुडविले, आणि नंतर चारच दिवसांनी, ७ जूनला, शेणोलीजवळ तुफान सेनेने सरकारी पैसा नेणारी रेल्वे अडविली. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार तेव्हा आकार घेत होते. दोन्ही ठिकाणी लढा एकाच साम्राज्याशी होता. प्रतिसरकारच्या साऱ्याच कृत्यांचे समर्थन आज करता येणार नाही. पण त्या मंडळींना रात्री भाकरीसाठी याच गावांतून यावे लागे. आपण कोणाला दुखविले, कोणाचे काय घेतले, याचा जाब विचारणारी माणसे त्यांच्या समोर होती. मुझेनबर्गला ती कधीच भेटली नाहीत. त्याच्या हुकमाने बुडलेल्यांपैकी कोणाची आई कोणत्या गावात बसली आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. नेताजींची वाट चूक होती की बरोबर, यावर विद्वानांचा वाद चालू राहील. माझा तो अधिकार नाही. पण परक्या सत्तेची पाणबुडी भाड्याने मिळत नसते, तिच्याबरोबर तिचे युद्धही घ्यावे लागते, एवढे मला या प्रवासातून दिसते. आणि नेताजींसारख्या तीक्ष्ण बुद्धीच्या माणसाला ते दिसले नसेल, असे मानणे हा त्यांचाच अपमान होईल. ते जाणूनबुजून त्या पाणबुडीत शिरले, म्हणून तर तो निर्णय मोठा आणि जड आहे. आपण तो हलका करून त्याची साहसकथा बनविली.

उरलेले थोडक्यात सांगतो. यू-१८० १४४ दिवसांची सफर संपवून ३ जुलै १९४३ रोजी बोर्दो बंदरात पोहोचली. त्याच्या आदल्याच दिवशी नेताजी सिंगापूरला आले होते. मुझेनबर्गनंतर पाणबुडीवर दुसरा कप्तान आला. ऑगस्ट १९४४ मध्ये बिस्केच्या उपसागरात ती सर्व ५६ माणसांसह नाहीशी झाली. त्याआधी महिनाभर, २६ जुलै १९४४ रोजी, आय-२९ अमेरिकन पाणबुडीने बुडविली. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. तेही बहुतेक विशी-बाविशीचे, आपल्याच वयाचे.

येत्या २३ जानेवारीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी 'नेताजींचा सागरप्रवास' हाच विषय पुन्हा ठेवावा, अशी वक्तृत्व मंडळाच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. मात्र भाषणाच्या सात मिनिटांपैकी एक मिनिट 'तिलावा' आणि कोकणच्या खलाश्यांसाठी राखून ठेवण्याची अट स्पर्धकांना घालावी. त्या एका मिनिटात टाळ्या पडल्या नाहीत, तर गुण कापू नयेत.